निम्म्या रेकॉर्डी तुमच्या पत्नीच्या आहेत

पत्र:

ताई, माझं वय 44. राहायला फोंड्याला फ्लॅटमध्ये, नोकरी वेर्ण्याला. कॉलेजात असताना बीटल्सचं वेड लागलं ते सुटलं नाही. मी फक्त भारतात छापलेल्या त्यांच्या रेकॉर्डी जमवतो. एलपी, ईपी, मिनिटाला 45 फेरे घेणाऱ्या छोट्या अशा आज 340 आहेत, त्यांत साठेक दुहेरी. सगळ्यांत मोलाच्या म्हणजे तीन 78 च्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या. बायकोला वाटतं, एकेक दोन-तीनशेला येते. खरे आकडे मी तिला कधी सांगितले नाहीत. फ्लॅटवर खोकी आली की प्रश्न येणार, म्हणून महागाच्या रेकॉर्डी गेली चार वर्षं सावईवेऱ्याच्या मूळ घरी ठेवत आलो. तिथे आता कोणी राहत नाही, शेजारचे संध्याकाळी दिवा लावतात तेवढंच. यंदा चवथीला सगळे जमलो. माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची आरास) बांधायला दोरी हवी म्हणून वहिनीने कपाट उघडलं. कव्हरांवर पांढरी बुरशी, कपाटाच्या पायाला वाळवी, आडव्या रचलेल्या एलपी पापडासारख्या वाकलेल्या. आणि एका खोक्यात विक्रेत्याचं बिल. ते नेमकं बायकोच्या हाती लागलं. गणपती घरात असेपर्यंत ती काही बोलली नाही. फोंड्याला परतल्यावर एवढंच म्हणाली, ‘‘हें घर आमचें काय तुज्या रेकॉर्डींचें?’’

मुंबईचा एक विक्रेता तिन्ही 78 चे मिळून दोन लाख द्यायला तयार आहे. बायको म्हणते विकून टाक, पुढच्या जूनला मुलीचं इंजिनीअरिंग सुरू होईल. मला झोप नाही. आणखी एक सांगायचं राहिलं. त्या तिघींतली एक मला म्हापशाला मिळाली. लग्नाकार्याला लाऊडस्पीकर लावणारा एक माणूस वारला होता, त्याच्या बायकोने अख्खं खोकं 500 रुपयांना दिलं. आत काय आहे ते मला दिसलं होतं. मी बोललो नाही. यात मी काही वाईट केलं का?

— एक बीटल्सभक्त, फोंडा

उत्तर:

तुमच्या पत्रात चार प्रश्न आहेत, काही उघड, काही न विचारलेले: बुरशीचं काय करू, विकू की ठेवू, बायकोची समजूत कशी घालू आणि म्हापशाच्या बाईंचं काय. पत्र दोनदा वाचलं तेव्हा मला चारही ठिकाणी एकच गोष्ट दिसली. फोंड्यासारख्या गावात राहणारा माणूस लाखमोलाच्या वस्तू कुळागरातल्या बंद घरात, चिऱ्याच्या ओल्या भिंतीला टेकवून ठेवतो, ते काही जागेअभावी नव्हे. किंमत कळू नये म्हणून. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि माडा-पोफळींच्या सावलीतल्या घराला तर ऑक्टोबरातही धड ऊन लागत नाही. तुम्ही इथले, हे तुम्हाला मी सांगायला नको. तरी रेकॉर्डी तिथे गेल्या. तेव्हा बुरशी पुसण्याआधी लपवाछपवी संपवायला हवी. नाहीतर पुढच्या चवथीला दुसरं कपाट उघडेल.

आधी घरातलं बोलू. पत्रभर तुम्ही ‘माझ्या रेकॉर्डी’ म्हणता. गोव्यात लग्न नोंदवताना तुम्ही दोघांनी वेगळा करार केला नसेल, तर त्या तुमच्या एकट्याच्या नाहीत. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता मुक्तीनंतरही इथे राहिली, वारशाचे नियम पुढे गोव्याच्या 2012 च्या स्वतंत्र कायद्यात आले, पण नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, निम्मी-निम्मी, हे तत्त्व कायम आहे. जमिनीचा तुकडा विकायचा तर बायकोची सही लागते हे इथे पोराटोरांनाही माहीत असतं. रेकॉर्ड विकताना सही लागत नाही, म्हणून आपण विसरतो एवढंच. म्हणजे तुमच्या पत्नी ‘विकून टाक’ म्हणतात तेव्हा त्या तुमच्या छंदात नाक खुपसत नाहीत, निम्म्या मालकीणबाई बोलत आहेत. आणि त्यांना इतकी वर्षं स्वतःच्याच मालाची किंमत ठाऊक नव्हती.

तुम्हाला हे कडू लागेल, पण यात तुमच्या सोयीचीही एक गोष्ट आहे. मालकी दोघांची झाली की सांभाळायची जबाबदारीही दोघांची होते. एकट्याने चोरून सांभाळलेल्या वस्तूला घरात जागा मिळत नाही, दोघांच्या वस्तूला मिळते.

म्हणून पहिलं काम: यादी. वहीत करा नाहीतर संगणकावर, पण 340 च्या 340 लिहा. लेबलवरचा क्रमांक, गाणं संपल्यावरच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, अवस्था, कुठून घेतली, आणि दिलेली खरी किंमत. हा शेवटचा रकाना लिहिताना हात अडखळेल. अडखळू द्या, पण आकडा गोल करू नका, कुरियरचा खर्चही त्यातच धरा. मग एका रविवारी, मुलगी घरात नसताना, ती यादी पत्नीच्या पुढ्यात ठेवा. आधी प्रस्तावना नको, बीटल्स किती थोर होते हे तर मुळीच नको. बिल त्यांनी आधीच पाहिलं आहे, त्यामुळे एका रेकॉर्डीचा भाव त्यांना कळलेला आहे. त्यांना आता उरलेल्यांची भीती आहे, आणि अशा वेळी मनातला आकडा खऱ्या आकड्याहून मोठा असतो. बेरीज समोर आली की भांडण होईल, पण ते निदान खऱ्या आकड्यावर होईल. त्या रागावतील तेव्हा ऐकून घ्या. ‘मी दारू पीत नाही, सिगारेट ओढत नाही’ हे पालुपद लावू नका. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत दर तिसरा छांदिष्ट नवरा ते लावतो आणि दर तिसरी बायको मला ते चिडून कळवते.

आता रेकॉर्डींकडे. मला या विषयाची थोडी गोडी आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळते.

तुमच्या 78 च्या तिघी दुर्मीळ का, हे पत्नीला नीट सांगता आलं पाहिजे. ब्रिटनमध्ये 78 चा जमाना 1960 च्या सुमारास आटोपला. बीटल्सची पहिली रेकॉर्ड आली 1962 च्या ऑक्टोबरात, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या देशात त्यांची 78 ची तबकडी कधी बाजारात आलीच नाही. आपल्याकडे मात्र खेडोपाडी वीज नव्हती, चावीचे ग्रामोफोन घराघरांत फिरत होते, म्हणून ग्रामोफोन कंपनीच्या कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातून साठच्या दशकातही 78 छापून निघत होत्या. लिव्हरपूलच्या पोरांचं गिटारचं संगीत, आणि तेही लाखेच्या तबकडीवर! जगभरचे संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात ते यामुळे. त्या कमी उरल्या याचं कारणही साधं आहे. त्या वाजल्या, पडल्या, फुटल्या. लोखंडी सुईच्या जड ग्रामोफोनवर त्यांच्या खाचा झिजल्या.

पण दुर्मीळ म्हणजे मोलाची आणि मोलाची म्हणजे जवळची, असं मी मानत नाही. तुमच्या साठ्यात 1968 ची ‘लेडी मॅडोना’ची 45 नक्की असेल. तिच्या मागच्या बाजूचं ‘द इनर लाइट’ जॉर्ज हॅरिसनने त्याच वर्षी जानेवारीत मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन ध्वनिमुद्रित केलं, नुसता गळा नंतर लंडनला घातला. ‘रिव्हॉल्व्हर’ या एलपीचं कव्हर उलटं करून पाहा. त्यावर तबलावादक म्हणून अनिल भागवत हे नाव छापलेलं आहे. 1966 साली बीटल्सच्या कव्हरावर मराठी आडनाव! या दोन रेकॉर्डी तुम्हाला 78 च्या मानाने कितीतरी स्वस्तात मिळाल्या असतील. मी तुमच्या जागी असते तर घर सोडताना आधी या दोन उचलल्या असत्या. मुलीला रेकॉर्ड दाखवायची तर यांपासून सुरुवात करा. दोन लाखांची तबकडी बघून पोरं ‘विका’च म्हणणार.

आणि तुमच्याच तालुक्यातल्या केरीची गोष्ट. केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली हे आपण अभिमानाने सांगतो. ती निवडली गेली तेव्हा रेकॉर्ड बाजारातून नाहीशी झालेली होती. शोधाशोध करताना ती मिळाली न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, मागच्या बाजूला टेबलाखालच्या खोक्यात. कोणीतरी ती कोरडी आणि अखंड ठेवली होती, म्हणून यानात चढली. टेबलाखालचं खोकं चालेल. सावईवेऱ्याचं कपाट नाही.

तेव्हा सगळ्या रेकॉर्डी आधी फोंड्याला आणा. या आठवड्यातच. येताना फ्लॅटच्या आत नेऊ नका, बुरशीची बीजं बरोबर येतात. दसरा-दिवाळीच्या मधल्या कोरड्या दिवसांत गच्चीवर किंवा बाल्कनीत, सावलीत, नाकाला मास्क बांधून हे काम करायचं. ट्यूबलाइटखाली किंवा खिडकीच्या उजेडात रेकॉर्ड तिरकी धरा. धूळ असेल तर ती खाचांवर सुटी बसलेली दिसते आणि ब्रशने लगेच निघते. बुरशी खाचांना जुमानत नाही, आडवी पसरते, पांढुरक्या ठिपक्याभोवती बारीक तंतूंचं जाळं दिसतं. फुंकर मारू नका, तोंडातली ओल जाते. मऊ ब्रशने आधी कोरडी झटका.

पुढचं धुणं रेकॉर्ड कशाची आहे त्यावर आहे आणि इथे चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही. एलपी आणि 45 व्हिनिलच्या असतात. गाडीच्या बॅटरीसाठी मिळतं तसलं डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात बिनवासाच्या भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मायक्रोफायबरचा फडका, आणि खाचांच्या दिशेने गोल पुसत जा. लेबल कोरडं ठेवा. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने साबण काढा आणि सावलीत उभी करून वाळवा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचांत बसतात आणि मग सुई तेच वाजवते. हट्टी बुरशीला काही जण पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात, व्हिनिलला ते चालतं. 78 ला अल्कोहोलचा थेंबही लावू नका. त्या शेलॅकच्या, म्हणजे लाख आणि दगडाची भुकटी यांच्या असतात. सुतार लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो ते आठवा. तुमचे दोन लाख त्याच वाटेने फडक्यावर येतील. 78 ला फक्त जेमतेम ओला फडका, लगेच कोरडा फडका, आणि भिजवत ठेवायची तर अजिबात नाही.

वाकलेल्या एलपी आधी वाजवून पाहा. सुईचा दांडा वरखाली होत असेल पण उडी मारत नसेल तर तशीच राहू द्या, थोड्या वाकण्याने आवाज बिघडत नाही. फारच वाकली असेल तर दोन जाड सपाट काचांमध्ये दाबून थंड खोलीत बरेच दिवस ठेवून बघता येतं, गुण येईलच असं नाही. ऊन, इस्त्री आणि केस वाळवायचं यंत्र हे तिन्ही उपाय लोक हौसेने करतात आणि रेकॉर्ड गमावतात. साठ अंशांच्या आसपास व्हिनिल मऊ पडू लागतं. मे महिन्यात बंद गाडीत तेवढं तापमान सहज होतं, त्यामुळे म्हापशाहून फोंड्याला येताना वाटेत जेवायला थांबलात तर रेकॉर्डी बरोबर घेऊन उतरा.

ठेवायच्या कशा? उभ्या. एकमेकींना हलका आधार होईल इतक्या जवळ, पण ओढून काढताना कव्हर घासणार नाही इतक्या सुट्या. आडव्या रचल्या की खालच्यांवर भार येतो. शंभर एलपींचं वजन कव्हरांसकट 25 किलोच्या आसपास होतं, त्यामुळे भिंतीतल्या दोन ब्रॅकेटवरची फळी चालणार नाही. कपाट आतल्या भिंतीकडे, न्हाणीघराची भिंत सोडून, भिंतीपासून चार बोटं पुढे आणि तळाचा कप्पा जमिनीपासून उचललेला. जुन्या कागदी आतल्या पिशव्या बुरसटल्या असतील तर बदला. कंपनीच्या जाहिराती छापलेल्या पिशव्या मात्र टाकू नका, वाळवून वेगळ्या ठेवा, संग्राहक त्यांनाही विचारतात. नवीन पिशव्या पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या घ्या. जाड, चकचकीत, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्यांतून काही वर्षांनी तेलकट द्रव्य सुटतं आणि रेकॉर्डीवर धुरकट डाग पडतो, तो जात नाही. डांबरगोळ्याही नकोत. कसर पळेल, पण त्यांची वाफ प्लास्टिकला मानवत नाही आणि कव्हरांना लागलेला वास जन्मभर राहतो.

सगळ्यांत मोठा शत्रू हवेतला दमटपणा. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, ते कपाटात ठेवा. रेकॉर्डींना चाळीस ते पन्नास टक्के बरी. सत्तरच्या वर आकडा गेला आणि तिथेच राहिला की बुरशी ठरलेली. आपल्याकडे जुलैत नव्वद दिसेल, घाबरू नका, पण काहीतरी करा. डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) परवडला तर उत्तम, त्याचा उपयोग कपड्यांना, पापडांना आणि पत्नीच्या पुस्तकांनाही होईल आणि त्या खर्चाला घरात विरोध कमी होईल. नाहीतर तीन-चार महाग रेकॉर्डींपुरती फोटोग्राफर कॅमेऱ्यासाठी वापरतात तशी कोरडी पेटी घ्या. फक्त आत एलपी मावेल एवढी आहे का ते मोजून घ्या. सिलिका जेलच्या पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यातच कामाच्या, उघड्या कपाटात त्या दोन दिवसांत दमतात. आणि मे महिन्यात पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरताना रेकॉर्डींची तपासणीही त्याच आठवड्यात करून टाकत जा, म्हणजे विसरणार नाही.

वाजवायच्या की नाही, हे तुम्ही विचारलं नाही, पण पत्रात कुठेही ‘ऐकली’ असा शब्द नाही हे माझ्या लक्षात आलं. एलपी वाजवा. चांगल्या सुईने, दीड-दोन ग्रॅमच्या भाराने वाजवलेली स्वच्छ रेकॉर्ड फारशी झिजत नाही. 78 ला तिची वेगळी, रुंद टोकाची सुई लागते. एलपीची सुई तिच्या खाचेच्या तळाला खरडत जाते आणि आवाजही खरखरीत येतो. चावीच्या ग्रामोफोनवर तर नकोच, त्याच्या सुईचा भार शंभर ग्रॅमच्या वर असतो. एकदा नीट यंत्रावर वाजवून संगणकावर 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर उतरवून घ्या आणि मग ती फाइल ऐका. ते स्वतःपुरतंच ठेवा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो, पण शब्द आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो, आणि मॅकार्टनीसाहेब अजून हयात आहेत.

आता विक्री. दोन लाख हा भाव बरोबर की चूक, हे रेकॉर्ड न पाहता कोणीच सांगू शकत नाही, आणि मुळात त्या विक्रेत्याने तरी त्या उजेडात धरून पाहिल्या आहेत का? फोटोवरून तिघींचा मिळून एक ठोक आकडा देणारा माणूस स्वतःची जोखीम आणि नफा आधीच वजा करून बसलेला असतो. त्याला मी लबाड म्हणत नाही, तो धंदा आहे. पण तुम्ही तीन वेगळे भाव मागा. त्याआधी अवस्था ठरवा. ‘व्हीजी’ (व्हेरी गुड, म्हणजे वापरलेली) आणि ‘निअर मिंट’ (जवळपास नवी) या दोन श्रेणींत एकाच रेकॉर्डीचा भाव कित्येक पटींनी बदलतो, आणि आपण नेहमी आपल्या रेकॉर्डीला एक श्रेणी वरची देतो, म्हणून दुसऱ्या कोणाला तरी ठरवू द्या. डिस्कॉग्ज या रेकॉर्डींच्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर लोक मागतात तो भाव पाहू नका, प्रत्यक्ष विकली गेली तो पाहा. बीटल्सच्या 78 च्या नावाने नकलीही फिरतात, व्हिनिलवर छापलेल्या. तुमच्या तिन्ही शेलॅकच्या आहेत आणि लेबल-मॅट्रिक्स जुळतं, हे ग्राहकाला दाखवता आलं पाहिजे. मुंबईत 1990 पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, जुन्या 78 वर आयुष्य घालवलेली माणसं तिथे भेटली आहेत. अशा एखाद्या जाणकाराला दाखवा, मग विक्रेत्याशी बोला. आणि विकल्यात तर स्वतः नेऊन द्या. शेलॅक कुरियरने पाठवणं म्हणजे तुकडे पाठवणं.

माझं मत विचाराल तर सुरुवात त्या साठ दुहेरींपासून करा. त्या सगळ्या विका. एकाच रेकॉर्डीच्या दोन प्रती जपण्याला मी संग्रह म्हणत नाही, ती साठेबाजी झाली. धुऊन न सुधारलेल्याही काढून टाका. त्यातून किती येतं ते पत्नीच्या खात्यात दिसू द्या. मग 78 चा निर्णय दोघांनी घ्या. म्हापशाची सोडून उरलेल्या दोघींपैकी एक किंवा दोन्ही विकाव्यात असं त्या म्हणाल्या तर विका. निम्मा हक्क त्यांचा आहे आणि इंजिनीअरिंगची फी ही काही लहर नव्हे. फक्त फीचा हिशोब या पैशांवर टांगू नका, जूनपर्यंत मनासारखा ग्राहक मिळेलच असं नाही. घाईने विकलेली वस्तू पुढे वीस वर्षं घरात टोमणा होऊन राहते, आणि तो टोमणा तुम्ही माराल. पुढे नवीन घ्यायच्या तर महिन्याचा आकडा दोघांनी ठरवा. तो शून्य ठरला तर एक वर्ष शून्य पाळा. मृत्युपत्राचंही आत्ताच मनात असू द्या. तुमच्या हिश्श्यातला निम्माच भाग तुम्हाला मनासारखा कोणाला देता येईल, उरलेला मुलीचा हक्काचा. तिला या रेकॉर्डी काय आहेत हे माहीत नसेल तर त्या भंगारात जातील. नेमके नियम नोटरीकडून समजून घ्या, मी वकील नाही.

राहता राहिली म्हापशाची. तुम्ही चोरी केली नाही. बाईंनी खोकं दिलं, तुम्ही मागितले तेवढे पैसे दिले, कायद्याने व्यवहार पुरा झाला. जुन्या बाजारात फिरणारे सगळेच अशा संधीची वाट पाहतात आणि विकणारा दुकानदार असता तर मीही तुम्हाला ‘नशीबवान’ म्हणून सोडून दिलं असतं. पण समोर नुकतीच नवरा गेलेली बाई होती, घर आवरत होती, आणि तुम्हाला दिसत होतं ते तिला दिसत नव्हतं. तुम्ही विचारलंय म्हणजे उत्तर तुम्हाला माहीत आहे: होय, वाईट केलंत. ते निस्तरता येण्यासारखं आहे, कारण बाई आहेत आणि पत्ता तुमच्याकडे आहे.

जाणकाराकडून त्या एका रेकॉर्डीचा भाव कळला की म्हापशाला जा. पत्नीला बरोबर न्या, त्यांच्या नकळत आता काहीच नको. रेकॉर्ड बरोबर घ्या आणि बाईंना हातात धरू द्या. सरळ सांगा की ही मौल्यवान होती, मला तेव्हा कळलं होतं, मी गप्प बसलो, आणि आज तिचा भाव इतका आहे. निम्मी रक्कम द्या. ‘मदत’ म्हणू नका, ‘बाकी’ म्हणा. एकदम जमत नसेल तर दुहेरी विकल्यावर देतो असं सांगा आणि तारीख सांगा. त्या म्हणाल्या की रेकॉर्डच परत द्या, तर 500 रुपये घेऊन परत द्या. हे तुम्हाला झेपणार नसेल तर जाऊच नका, अर्धवट खरं सांगण्यासाठी एवढा प्रवास नको. माझा अंदाज, त्या पैसे घेतील आणि नवऱ्याबद्दल बोलत बसतील. बोलू द्या, आणि लिहून घ्या: कुठल्या लग्नात, कुठल्या फेस्ताला, कुठल्या जत्रेत ही वाजली. लेबलवर त्यांच्या लाऊडस्पीकर सर्व्हिसचा शिक्का असेल तर तो डाग समजून पुसायला जाऊ नका. बार्देशातल्या मांडवात वाजलेली दमदमची बीटल्सची 78, ही नोंद यादीत किमतीच्या रकान्याशेजारी राहिली पाहिजे.

शुक्रवार मात्र टाळा. बाजाराच्या दिवशी म्हापशाला गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि ती रेकॉर्ड हातात घेऊन गर्दीतून चालत जाणं तुम्हाला परवडणारं नाही.